व्यत्ययाला घाबरलेला गणिती

यवतमाळ जिल्ह्यातील नेरसारख्या तालुक्याच्या गावी संगणक अचानक बंद पडला, की दुरुस्तीला आलेल्या मुलाचे निदान बहुधा ठरलेले असते. ड्रायव्हर उडाला आहे, हे पहिले. आणि विंडोज पुन्हा मारावी लागेल, हे दुसरे. दाखले देणाऱ्या केंद्रात बोटांचे ठसे घेणारे नवे उपकरण जोडलेले असते, किंवा जुन्या यंत्रात नवे वाय-फाय कार्ड बसविलेले असते. दोन दिवस सारे सुरळीत चालते आणि तिसऱ्या दिवशी, बाहेर रांग लागलेली असताना, पडदा निळा होतो. यंत्र पुन्हा सुरू करावे, तर ते तासभर निमूटपणे काम करते. दुरुस्तीवाल्यासमोर ते कधीच बिघडत नाही. तो परत गेला की बिघडते. (हा निळा पडदा २०२५ पासून विंडोजच्या नव्या आवृत्तीत काळा झाला आहे, दुखणे तेच आहे.)

ड्रायव्हर म्हणजे संगणकाचा गाभा आणि त्याला जोडलेले उपकरण यांच्यामधला दुभाषा. छपाईयंत्र, कॅमेरा, कळफलक, ध्वनी, जाळ्याची जोडणी अशा प्रत्येकासाठी एक छोटी आज्ञावली असते आणि ती बहुधा उपकरण बनविणाऱ्या कंपनीने लिहिलेली असते. यांतील बऱ्याच आज्ञावली गाभ्याच्या आत, गाभ्याचेच सर्वाधिकार घेऊन चालतात. त्यामुळे एखाद्या खेळाची किंवा हिशेबाच्या पॅकेजची आज्ञावली चुकली तर तेवढीच खिडकी बंद होते. ड्रायव्हर चुकला तर अख्खे यंत्र कोसळते. १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाने याचा अनुभव घेतला. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा आज्ञावलीतील ड्रायव्हरने एक सदोष माहिती-फाइल वाचली आणि सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. आपल्याकडील विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली होती.

यंत्र असे अधूनमधून, पुन्हा पकडता न येईल अशा रीतीने बंद पडणार, ही भीती सर्वांत आधी ज्यांना स्पष्टपणे वाटली, त्यांत एड्सखर डायक्स्ट्रा यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. संगणकशास्त्राचे विद्यार्थी त्यांना सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याच्या रीतीमुळे ओळखतात. त्यांच्या कर्तृत्वाचा मोठा भाग मात्र त्या भीतीतून उभा राहिला, हे फारसे सांगितले जात नाही.

डायक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी हॉलंडमधील रॉटरडॅम येथे झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ व शिक्षक होते आणि डच केमिकल सोसायटीचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले होते. आई गणिती होती. तिने नोकरी कधी केली नाही, परंतु नेटक्या युक्तिवादाची आवड मुलाला तिच्याकडून मिळाली. शाळेत असताना कायदा शिकावा आणि पुढे संयुक्त राष्ट्रसंघात आपल्या देशाचे प्रतिनिधित्व करावे, असा त्यांचा मनोदय होता. शेवटच्या परीक्षेत विज्ञान विषयांत इतके उत्तम गुण मिळाले की तो बेत मागे पडला आणि १९४८ मध्ये ते लायडन विद्यापीठात सैद्धांतिक भौतिकशास्त्र शिकू लागले.

१९५१ च्या उन्हाळ्यात ते केंब्रिजला आज्ञावली लेखनाच्या अल्पमुदतीच्या वर्गासाठी गेले. त्यानंतर मार्च १९५२ पासून ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात त्यांना अर्धवेळ काम मिळाले. तेथे ब्राम लोप्स्ट्रा आणि कारेल स्कोल्टन हे दोन तरुण यंत्र बांधत होते. त्यांचे पहिले यंत्र ‘आरा’ रिले वापरून बनविलेले होते आणि अत्यंत बेभरवशाचे होते. १९५२ मधील उद्‌घाटनाच्या वेळी त्याच्याकडून यादृच्छिक आकड्यांचा तक्ता छापून घेण्यात आला. असे आकडे चूक की बरोबर हे उपस्थितांपैकी कोणालाच सांगता येत नाही, ही त्यातली सोय होती. ते यंत्र पुढे मोडीत काढून नव्याने बांधण्यात आले.

या तिघांच्या कामाची एक पद्धत पडून गेली. यंत्र बांधण्याआधी ते कसे वागेल याचे काटेकोर वर्णन डायक्स्ट्रा कागदावर लिहीत. मग लोप्स्ट्रा आणि स्कोल्टन त्या वर्णनाबरहुकूम यंत्र बांधत आणि त्याच वेळी डायक्स्ट्रा त्या वर्णनाच्या भरवशावर, अस्तित्वात नसलेल्या यंत्रासाठी, आज्ञावली लिहीत. चाचणी घ्यायला यंत्रच नाही, तेव्हा चूक टाळण्याचा एकच मार्ग उरतो. लिहितानाच विचार करून ती बरोबर आहे याची खात्री करून घ्यायची. त्यांचा पुढचा सगळा हट्ट या सवयीत मुरलेला दिसतो.

कार्यक्षेत्र निवडण्याचा प्रश्न मात्र होताच. आज्ञावली लेखन हा त्या काळी मान्यताप्राप्त विषय नव्हता. केंद्रातील संगणन विभागाचे प्रमुख आद्रियान फान वाइनगार्डन यांनी त्यांना समजावले, की संगणक आता राहणार आहेत आणि या कामाला प्रतिष्ठित शास्त्र बनविणारा माणूस तूच का असू नयेस. डायक्स्ट्रा यांनी भौतिकशास्त्र घाईने उरकले आणि कायमचे सोडले. १९५७ मध्ये त्यांचा मारिया देबेत्स यांच्याशी विवाह झाला, तेव्हा व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी प्रोग्रामर असे लिहिले. ॲमस्टरडॅमच्या नगरपालिकेने असा व्यवसायच नसल्याचे सांगून ते नाकारले. कागदोपत्री ते सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ म्हणून बोहल्यावर चढले.

त्याच्या आदल्या वर्षी या भावी पत्नीबरोबर खरेदीला गेले असता, कॉफी पिता पिता, कागद-पेन्सिल हाती न घेता सुमारे वीस मिनिटांत त्यांनी जवळच्या रस्त्याची ती रीत शोधून काढली होती. ‘आरमाक’ या नव्या यंत्राच्या प्रात्यक्षिकासाठी सामान्य माणसाला समजेल असे काही हवे होते, म्हणून हॉलंडमधील ६४ शहरांचा नकाशा त्यांनी निवडला. १९५९ मध्ये ती रीत तीन पानांच्या लेखात प्रसिद्ध झाली. आज मोबाइलवर यवतमाळहून नेरमार्गे अमरावतीचा रस्ता विचारला, तर उत्तर काढणाऱ्या पद्धती तिच्याच वंशातल्या असतात. डायक्स्ट्रा यांच्या नावाला एवढी प्रसिद्धी दुसऱ्या कशानेही मिळाली नाही, आणि त्यांच्या दृष्टीने ते फार मोठे काम नव्हते.

मोठे काम १९५७ च्या सुमारास समोर आले. लोप्स्ट्रा आणि स्कोल्टन यांनी नव्या एक्स-१ या यंत्रात इंटरप्ट, म्हणजे व्यत्यय घेण्याची सोय करण्याचे ठरविले. अमेरिकेतील काही यंत्रांत ती त्याआधी आली होती. या तिघांसाठी ती नवीन होती. तिची गरज स्पष्ट होती. संगणकाचा वेग आणि त्याला जोडलेल्या टंकयंत्राचा, कागदी फीत वाचणाऱ्या यंत्राचा वेग यांत जमीन-अस्मानाचे अंतर. एक अक्षर छापून होईपर्यंत संगणक नुसता वाट पाहत बसे. त्याऐवजी त्याने आपले गणित चालू ठेवावे आणि छपाई झाली की टंकयंत्रानेच त्याला हाक मारावी, अशी ही कल्पना.

बँकेतला रोखपाल नोटा मोजत असताना दूरध्वनी वाजतो, असे समजा. त्याने मोजणी थांबवायची, आपण कुठवर आलो ते टिपून ठेवायचे, दूरध्वनीवर बोलायचे आणि परत येऊन नेमक्या त्या नोटेपासून पुढे मोजायचे. बहुतेक वेळा हे जमते. परंतु एक गड्डी संपून दुसरी हातात घेण्याच्या क्षणी घंटा वाजली आणि टिपण करण्याच्या त्याच्या पद्धतीत त्या एका क्षणापुरती फट असली, तर हिशेब चुकेल. दुसऱ्या दिवशी तोच हिशेब पुन्हा करून पाहिला तर तो बरोबर येईल, कारण दूरध्वनी त्या क्षणी पुन्हा वाजणार नाही. चूक आहे, पण दाखविता येत नाही.

डायक्स्ट्रा यांना धसका बसला तो याचा. तोवरची यंत्रे एकाच आज्ञावलीला दर वेळी एकच उत्तर देत. बिघाड झाला तर तीच आज्ञावली पुन्हा चालवायची आणि तो पकडायचा, हा मार्ग खुला होता. बाहेरच्या उपकरणाने केव्हाही हाक मारावी अशी मुभा दिली, की दोन वेळा यंत्राचा प्रवास सारखा होईलच असे नाही. मग दोष यंत्राचा की आज्ञावलीचा, हेही ठरविता येणार नाही. काही महिने त्यांनी विरोध केला. हे काम करू शकेल असा माणूस तूच, अशी स्तुती करून दोघा मित्रांनी अखेर त्यांना राजी केले.

आपल्या यंत्रात आज ज्याला ड्रायव्हर म्हणतात, त्याचेच हे पूर्वरूप होते. या आज्ञावलीला एक अट आणखी कडक होती. ती यंत्राच्या केवळ वाचता येणाऱ्या स्मृतीत पक्की बसवायची होती, म्हणजे यंत्र विकल्यानंतर दुरुस्तीला वाव नव्हता. नंतर सुधारित आवृत्ती पाठवू, हा आजचा दिलासा त्यांना उपलब्ध नव्हता. व्यत्यय कोणत्याही क्षणी आला तरी यंत्राची अवस्था जशीच्या तशी परत मिळते, हे त्यांनी कागदावर तर्काने तपासले. या कामावर ऑक्टोबर १९५९ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. प्रबंधाचा विषय स्वयंचलित संगणकाशी होणारा संवाद, म्हणजेच यंत्र आणि उपकरणे यांमधील देवाणघेवाण, हा होता. उपकरणांच्या दुभाषाने मिळवून दिलेली अशी डॉक्टरेट त्या काळी विरळाच असावी.

त्याच सुमारास मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा देशी बनावटीचा संगणक आकाराला येत होता. १९६० मध्ये तो पूर्ण झाला आणि १९६२ मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते त्याला ते नाव मिळाले. निर्वात नलिकांच्या त्या यंत्रात बिघाड म्हटला की आधी जळालेली नलिका शोधायची. एक्स-१ मध्ये ट्रान्झिस्टर होते. जळणारे काही उरले नव्हते, आणि चुका मात्र आज्ञावलीत शिरू लागल्या होत्या.

१९६० च्या ऑगस्टमध्ये याप झोनेफेल्ड यांच्यासमवेत त्यांनी अल्गोल ६० या भाषेचा कंपायलर पुरा केला. तो पूर्ण होईपर्यंत दाढी करायची नाही, असा दोघांचा पण होता. काम झाल्यावर झोनेफेल्ड यांनी दाढी काढली. डायक्स्ट्रा यांनी ती अखेरपर्यंत ठेवली. १९६२ मध्ये आइंडहोवनच्या तंत्रविद्यापीठात ते गणिताचे प्राध्यापक झाले.

येथे त्यांनी त्या जुन्या भीतीला पुन्हा हात घातला. आता एका यंत्रावर अनेक कामे एकाच वेळी चालणार होती आणि उपकरणांच्या हाका सर्व बाजूंनी येणार होत्या. दोन कामांनी एकाच वेळी एकच गोष्ट हाताळू नये यासाठी त्यांनी सेमाफोर ही युक्ती काढली. नाव रेल्वेच्या हात असलेल्या सिग्नलवरून घेतलेले. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरची शकुंतला ज्यांनी पाहिली आहे, त्यांना एकेरी रूळ म्हणजे काय हे सांगायला नको. एकेरी मार्गाच्या एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी जाऊ शकते; आत शिरताना परवानगी घ्यायची आणि बाहेर पडताना ती परत करायची. डायक्स्ट्रा यांनी या दोन कृतींना डच शब्दांवरून पी आणि व्ही अशी नावे दिली. परवानगी परत करायला विसरलेली गाडी मार्ग कायमचा अडवते. दोन गाड्या एकमेकींच्या परवानगीची वाट पाहत थांबल्या, तर दोन्ही जन्मभर थांबतात. या कोंडीवर त्यांनी १९६५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी परीक्षेचा प्रश्न रचला आणि तोच पुढे जेवणाच्या टेबलावरील पाच तत्त्वज्ञांचे कोडे म्हणून जगभर शिकविला जाऊ लागला. संगणक हँग होतो, माऊस हलत नाही, पंखा फिरत राहतो, तेव्हा आत अनेकदा हेच झालेले असते.

१९६४ मध्ये आयबीएमच्या ३६० या यंत्रमालिकेची माहितीपुस्तिका हाती आली. तिच्यातील उपकरणांशी देवाणघेवाण करण्याची रचना वाचून ते हताश झाले. व्यावसायिक आयुष्यातला तो सर्वांत काळा आठवडा होता, असे त्यांनी पुढे नोंदविले आहे. बाजाराने ते यंत्र उचलून धरले. डायक्स्ट्रा यांचे आणि बाजाराचे पुढेही पटले नाही.

आइंडहोवनमध्ये हॉलंडचेच एक्स-८ हे यंत्र आले. त्याची मुख्य स्मृती ३२ हजार शब्दांची. जोडीला फिरता ड्रम, कागदी फीत वाचणारी तीन यंत्रे, तिला छिद्रे पाडणारी तीन, दोन टेलिप्रिंटर, एक आलेखक आणि एक छपाईयंत्र. पाच सहकाऱ्यांसह त्यांनी या यंत्रासाठी टीएचई नावाची कार्यप्रणाली बांधली. तिचे वर्णन १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रणालीचे थर होते. सर्वांत खाली व्यत्यय आणि कामांची वाटणी, त्यावर स्मृती, त्यावर चालकाचे टंकयंत्र, त्यावर उपकरणे आणि सर्वांत वर विद्यार्थ्यांच्या आज्ञावली. प्रत्येक थराने आपल्या खालच्या थराचे त्रासदायक तपशील झाकून टाकायचे. सर्वांत खालचा थर एकदा बरोबर ठरला की वरच्या कोणालाही व्यत्यय दिसतच नाही. ज्याची भीती होती ती गोष्ट तळघरात बंद होते.

मग चाचणी झाली. थर खालून वर, एकेक करून, आधीचा पूर्ण तपासल्यावरच पुढचा चढवायचा. पाचशे आज्ञांमागे एक या प्रमाणात किरकोळ लिखाणातल्या चुका निघाल्या आणि प्रत्येक चूक दहा मिनिटांच्या आत सापडली, अशी नोंद त्यांनी केली आहे. नेरच्या दुरुस्तीवाल्याला किंवा पुण्यातल्या सॉफ्टवेअर अभियंत्याला हा आकडा सांगितला तर तो हसेल. त्यांच्या आयुष्यात दहा दिवस एका चुकीमागे जातात.

या यशानंतर डायक्स्ट्रा यांना समाधान मिळाले नाही. विभागातील गणित्यांना हे काम गणित वाटत नव्हते, सहकाऱ्यांचा गट विखुरला आणि ते स्वतः नैराश्याने ग्रासले गेले. त्यातून बाहेर येण्यासाठी त्यांनी रचनाबद्ध आज्ञावली लेखनावरील टिपणे लिहिली. ती टिपणे आणि गो-टू या आज्ञेविरुद्धचे १९६८ चे छोटे पत्र यांनी साऱ्या क्षेत्राची लिहिण्याची रीत बदलली. १९७२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

बग या लाडक्या शब्दाला त्यांचा आक्षेप होता. कीटक म्हटले की तो बाहेरून आला, लिहिणारा बेसावध असताना आत शिरला, असा भास होतो. त्यांच्या मते ती सरळ चूक होती, आणि ती करणाऱ्याची होती. चाचणीवरही त्यांचा विश्वास नव्हता. चाचणीत दोष दिसला तर तो आहे हे कळते. दिसला नाही तर काहीच कळत नाही. हा युक्तिवाद ऐकायला टोकाचा वाटतो, पण २०२४ ची घटना त्याचे जवळजवळ पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. क्राउडस्ट्राइकने नंतर केलेल्या तपासात आढळले, की एका ठिकाणी माहितीचे २१ रकाने गृहीत धरले होते आणि प्रत्यक्षात २० च पुरविले जात होते. चाचण्यांमध्ये एकविसाव्या रकान्यात काहीही चालेल अशी खूण असल्याने तो कधी वाचलाच गेला नाही. ज्या दिवशी वाचायची वेळ आली, त्या दिवशी ड्रायव्हरने आपल्या हद्दीबाहेरच्या स्मृतीत हात घातला. दुरुस्ती साधी होती. यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करून ती एक फाइल काढून टाकायची. मात्र लक्षावधी यंत्रांजवळ माणसाने स्वतः जाऊन हे करावे लागले.

येथे डायक्स्ट्रा यांच्या विचाराची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यांची पद्धत सहा हुशार माणसांनी एका यंत्रासाठी लिहिलेल्या प्रणालीला लागू पडली. विंडोज किंवा लिनक्सच्या गाभ्यात मात्र शेकडो कंपन्यांचे ड्रायव्हर राहायला येतात. उपकरण बाजारात आणण्याची घाई असते, लिहिणाऱ्याला गाभ्याचे नियम पुरते ठाऊक नसतात आणि अधिकार मात्र मालकाचे असतात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००१ मध्ये लिनक्स तपासले, तेव्हा ड्रायव्हरमधील चुकांचे प्रमाण गाभ्याच्या इतर भागांपेक्षा तीन ते सात पट आढळले. विंडोज एक्सपीच्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे होतात, असे २००३ च्या एका शोधनिबंधात नमूद आहे. अशा वस्तीत कोणाची तर्कशुद्ध सिद्धता मागायची? उद्योगाने दुसरा रस्ता धरला. यंत्र पडणारच, तर पडल्यावर तपास नीट करता आला पाहिजे.

तो तपास शवविच्छेदनासारखा असतो. गाभ्याला आपल्या आत काही विपरीत घडल्याचे कळले, की तो स्वतःच सारे थांबवतो, कारण पुढे चालल्यास तबकडीवरील माहिती नासण्याचा धोका असतो. थांबण्यापूर्वी तो स्मृतीची प्रत एका फाइलमध्ये उतरवतो. पडद्यावरचा संकेत बिघाडाचा प्रकार सांगतो आणि त्या फाइलवरून कोसळण्याच्या क्षणी कोणता ड्रायव्हर चालू होता हे तज्ज्ञाला दिसते. प्रेत ज्याच्या दारात सापडले तोच खुनी, असे मात्र नसते. एका ड्रायव्हरने दुसऱ्याच्या स्मृतीत खरडून ठेवायचे आणि कित्येक मिनिटांनी तो दुसरा कोसळायचा, हा नेहमीचा प्रकार आहे. मार्च २०२१ मध्ये विंडोजच्या एका अद्ययावत आवृत्तीनंतर काही कंपन्यांच्या छपाईयंत्रांकडे कागद पाठविताच संगणक कोसळू लागले होते. दोष छपाईयंत्राचा वाटत होता. बदल झाला होता तो विंडोजमध्ये.

म्हणून जाणकार आधी शेवटचा बदल कोणता ते विचारतो. नवे उपकरण काढून पाहतो, जुना ड्रायव्हर परत बसवतो, सेफ मोडमध्ये यंत्र टिकते का ते बघतो. एवढ्यानेही भागले नाही तर विंडोज २००० पासून प्रणालीतच असलेली ड्रायव्हर व्हेरिफायर ही सोय चालू करतो. ती संशयिताला मुद्दाम छळते. त्याला दिलेल्या स्मृतीभोवती कुंपण घालते, मागितलेली स्मृती मधूनच नाकारते. हेतू हा, की चूक होताक्षणी, चूक करणाऱ्याच्याच दारात, यंत्र कोसळावे. पुन्हा न घडणारी चूक पुन्हा घडवून आणण्याचा हा मार्ग आहे. विंडोज नव्याने मारल्यानेही दुखणे जाते खरे, पण कारण कळत नाही आणि तोच ड्रायव्हर परत बसविला की ते परत येते.

१९७३ मध्ये डायक्स्ट्रा बरोज या अमेरिकी संगणक कंपनीचे संशोधक झाले आणि आइंडहोवनजवळच्या न्यूनेन या गावी घरूनच काम करू लागले. चित्रकार व्हॅन गॉग यांचे काही काळ वास्तव्य असलेले हे गाव. तेथे त्यांनी आज्ञावलीची शिस्त या विषयावरील ग्रंथ लिहिला. तो १९७६ मध्ये आला. अमुक परिणाम हवा असेल तर सुरुवातीला किमान काय खरे असले पाहिजे, हे आज्ञावलीच्या शेवटाकडून मागे मागे येत काढण्याची रीत त्यात आहे. ती वाचायला कठीण आहे आणि त्या काळच्या अनेक व्यावसायिकांना ती निरुपयोगी वाटली.

१९८४ मध्ये ते ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात गेले आणि १९९९ मध्ये निवृत्त झाले. सारे लेखन शाईच्या पेनने, सुबक अक्षरांत. प्रत्येक टिपणाला इडब्ल्यूडी या आद्याक्षरांचा क्रमांक आणि छायाप्रती मित्रांना टपालाने. संगणक स्वतः वापरणे त्यांनी बराच काळ टाळले. उत्तरायुष्यात ईमेलपुरता एक मॅकिंटॉश घरात आला. सहकाऱ्यांविषयी ते कठोर लिहीत आणि काही वेळा अन्यायही करीत. पियानोवर मोत्सार्ट वाजविणे आणि फोक्सवॅगनच्या गाडीतून पत्नीसह अमेरिकेतील राष्ट्रीय उद्याने पाहणे, हे त्यांचे विरंगुळे होते.

याच वर्षांत, २००० च्या सुमारास, मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात टॉम बॉल आणि श्रीराम राजामणी यांनी ड्रायव्हर न चालवताच तपासण्याचे काम हाती घेतले. राजामणी पुढे बंगळुरूच्या संशोधन केंद्रात आले. ड्रायव्हरने कुलूप घेतले तर ते परत केलेच पाहिजे, एकच कुलूप दोनदा घेता कामा नये, अशा नियमांचा भंग करणारी एखादी वाट त्याच्या मजकुरात आहे का, हे त्यांची आज्ञावली शोधते. कुलूप म्हणजे सेमाफोरचेच भावंड. आणि शेवटाकडून मागे येत किमान अट काढण्याच्या त्या रीतीचाही त्यात उपयोग केला आहे. २००६ पासून ही सोय ड्रायव्हर लिहिणाऱ्या कंपन्यांना मिळू लागली. तिला सारे दोष दिसतात असे नाही. ड्रायव्हरने बाहेरून वाचलेल्या फाइलमध्ये रकाने किती, असला प्रश्न तिच्या नियमांत बसत नाही.

डायक्स्ट्रा यांनी हे पाहिले नाही. कर्करोगाचे निदान झाल्यावर ते २००२ मध्ये न्यूनेनच्या जुन्या घरी परतले आणि ६ ऑगस्ट २००२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. पत्नी आणि मार्कस, फेम्के व रुटगर ही तीन मुले मागे राहिली. तेराशेहून अधिक टिपणे टेक्सास विद्यापीठाने सांभाळून ठेवली आहेत आणि ती कोणालाही वाचता येतात. शेवटचे, १३१८ क्रमांकाचे, त्या वर्षीच्या १४ एप्रिलचे आहे. त्यात संगणकाचा उल्लेख नाही. गणितातील एका छोट्या प्रश्नाची नेटकी सिद्धता आहे.